उंबरठ्याच्या आतले कुत्रे : भोर-वेल्ह्यातील घर, जमीन आणि स्वच्छतेची रीत

पाळलेल्या कुत्र्याने घरातच घाण करणे ही भोर आणि वेल्हे या तालुक्यांत अलीकडची अडचण आहे. कुत्रे पाळणे मात्र इथे फार जुने. शेताला, गोठ्याला, धनगरवाड्याला राखण म्हणून कुत्रे असेच; पण त्याची हद्द उंबरठ्यापाशी संपत असे. चुकून ते आत आले आणि जमीन बिघडली, तर ती पूर्ववत करण्याची रीत घरोघरी ठरलेली होती. कुत्र्याची घरातली जागा, पायाखालची जमीन आणि शुद्ध-अशुद्धाची समजूत या तिन्हींचा मेळ त्या रीतीत बसलेला होता. पुढे जमीन बदलली, मग कुत्रे आत आले, आणि जुना मेळ मोडला. नव्याने कुत्रे पाळणाऱ्या कुटुंबासमोर आज जो प्रश्न उभा राहतो, त्याची मुळे या बदलात आहेत.

प्रदेश आणि घर

भोर तालुका प्रामुख्याने नीरा आणि वेळवंडी नद्यांच्या खोऱ्यांत, तर वेल्हे तालुका गुंजवणी, कानंदी, आंबी आणि मोसे यांच्या खोऱ्यांत वसलेला आहे. हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे ही इथली शिवकाळातली नावे. राजगड, तोरणा, रोहिडा हे किल्ले आणि रायरेश्वराचे पठार याच परिसरात येते. वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे. पश्चिमेला सह्याद्रीची धार असून वरंध, मढे, उपांड्या हे घाट तिथून कोकणात उतरतात. घाटमाथ्याजवळच्या केळद, पासली या बाजूला जून ते सप्टेंबर पावसाची झड लागलेली असते आणि भात हेच मुख्य पीक आहे.

घराची ठेवण या पावसाने ठरवली. गरिबाघरी कारवीच्या कुडाला माती लिंपून केलेल्या भिंती, वर गवताचे किंवा पेंढ्याचे छप्पर; ऐपत असेल तिथे दगडमातीच्या भिंती आणि कौले. पुढे ओटा किंवा पडवी, आत माजघर, एका कडेला चूल आणि देव्हारा. गुरांची जागाही बहुधा त्याच छपराखाली, मधे आड घालून केलेली. चार महिने माणसे आणि जनावरे एकाच आढ्याखाली राहत. जनावराच्या मलमूत्राशी या घरांचा संबंध रोजचाच होता. गोठा उपसणे, शेण गोळा करणे, मूत्र वाहून जाण्यासाठी चर ठेवणे ही पहाटेची पहिली कामे. त्यामुळे प्रश्न घाणीचा कमी आणि तिच्या जागेचा जास्त असे. गोठ्यात जे चालते ते माजघरात चालत नाही, आणि गाईचे जे चालते ते कुत्र्याचे चालत नाही, ही वाटणी सगळ्यांना ठाऊक होती.

सारवलेली जमीन

या घरांची जमीन मातीची. नवी जमीन करताना मुरूम आणि माती पसरून तिच्यावर पाणी शिंपडत, ते मुरू देत आणि धुमसाने चोपून चोपून ती घट्ट करत. वर शेणकाल्याचे सारवण होई. सारवणारी बाई घराच्या आतल्या कोपऱ्यापासून सुरुवात करून, पोतेऱ्याने किंवा उघड्या हाताने अर्धगोल हात मारत दाराकडे मागे सरकत येई. वाळल्यावर जमिनीवर त्या हातांच्या कमानी एकीला एक लागून दिसत. सणवार, पाहुणे, बाळंतपण, सुतक या निमित्तांनी सारवण व्हायचेच. एरवीही चार-आठ दिवसांनी हात फिरे. अंगणात रोज सकाळी सडा पडे.

पुणे जिल्ह्यात अशा जमिनीचा इतिहास तीन हजार वर्षांपेक्षा जुना आहे. जिल्ह्याच्या पूर्वेकडे, शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे अनेक हंगाम उत्खनन केले. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत कुडाच्या भिंतींची आणि चोपलेल्या मातीच्या जमिनींची घरे सापडली. गाय-बैल, शेळ्या-मेंढ्या यांच्या हाडांबरोबर कुत्र्याची हाडेही मिळाली. कुडाची भिंत, मातीची जमीन आणि दाराशी कुत्रे हा संच इतका जुना आहे.

मातीच्या जमिनीचा एक गुण इथे महत्त्वाचा आहे. ती ओल शोषून घेते, आणि बिघडलेला भाग तेवढाच काढून नवा भरता येतो. मूत्रातल्या युरियाचे जिवाणू अमोनियात रूपांतर करतात आणि उग्र वास येतो तो या अमोनियाचा. मातीत मुरलेल्या अमोनियाचे दुसऱ्या प्रकारचे जिवाणू हळूहळू नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. गुरांच्या मूत्राने भिजलेल्या मातीतून सोरा काढण्याचा उत्तर भारतातला, विशेषतः बिहारमधला, जुना धंदा याच क्रियेवर चालत असे आणि तो सोरा बंदुकीच्या दारूला लागे. मावळातल्या गृहिणीला हे रसायन माहीत असण्याचे कारण नव्हते. ओली माती खरवडली आणि वरून सारवले की वास जातो, हे मात्र तिला पक्के माहीत होते.

धर्मशास्त्रानेही हीच रीत सांगितली आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात जमीन शुद्ध करण्याचे पाच उपाय येतात : झाडणे, सारवणे, शिंपणे, खरवडणे आणि तिथे गाई ठेवणे. त्यातले पहिले चार उपाय मातीच्या घरात नेहमीच्या कामाचे होते. ही शुद्धी विधी म्हणून सांगितली असली, तरी मातीच्या जमिनीसाठी ती व्यवहारात लागू पडणारी स्वच्छताही होती.

कुत्र्याची जागा

मराठी मुलखात कुत्र्याला मान होता, पण आत जागा नव्हती. दत्ताच्या मूर्तीत चार कुत्री पायांशी बसलेली असतात. खंडोबाच्या परिवारात कुत्रे आहे. भोरशेजारच्या पुरंदर तालुक्यातील जेजुरी हे खंडोबाचे मोठे ठाणे. चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचे भरीत आणि रोडग्यांचा नैवेद्य दाखवून कुत्र्यालाही घास घालण्याची रीत अनेक घरांत आहे. तो घास अंगणात घालतात. नामदेवांची आख्यायिका प्रसिद्ध आहे : कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. या कथेतले कुत्रेही घरात येते ते चोर म्हणून, आणि लगेच बाहेर पळते.

राजदरबारी कुत्र्याचे स्थान निराळे होते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचवलेल्या ‘मानसोल्लासा’त शिकारी कुत्र्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची म्हणून समाधी दाखवतात. त्याने महाराजांचा जीव वाचवला, अशी परंपरा सांगते. भोरचे पंतसचिव हे छत्रपतींच्या अष्टप्रधानांतले. शंकराजी नारायण यांच्यापासून या घराण्याकडे सचिवपद चालत आले आणि पुढे भोर हे त्यांचे संस्थान झाले. दख्खनच्या संस्थानांत मुधोळच्या शिकारी कुत्र्यांची जात विशेष नावाजली. २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढले. अशा कुत्र्यांची निगा राखायला नोकर असत आणि राहायला वेगळी जागा असे. त्यांची घाण काढणे हे त्या नोकराचे काम होते. धन्याच्या दिवाणखान्यापर्यंत तो प्रश्न येतच नसे.

सामान्य घरात कुत्र्याच्या वाट्याला ओट्याची कड, गोठ्याचे दार किंवा परसातला पेंढा येई. त्याचे नाव मोत्या, वाघ्या, खंड्या किंवा राजा. जेवण उरले की भाकरीचा चतकोर आणि ताकाचे पाणी दगडाच्या डोणीत. ते आत डोकावले की ‘हाड्’ एवढा एक शब्द पुरे. पिल्लू असल्यापासून ही हद्द त्याच्या अंगवळणी पडे. कोणी मुद्दाम शिकवत नसे. दार ओलांडले की घरातले कोणी ना कोणी हाकलत असे आणि घर कधी रिकामे नसे. दिवसभर मोकळे असल्याने शौचाला शेताच्या बांधावर किंवा वाटेकडेला जाणे त्याला आपोआप साधे.

कुत्र्याचा स्वभावही या व्यवस्थेला पोषक आहे. पहिले सुमारे तीन आठवडे पिल्लांची घाण आईच चाटून साफ करते. पाय धरू लागले की पिल्ले झोपायच्या जागेपासून दूर जाऊन घाण करू लागतात. जिथे झोपायचे तिथे घाण करायची नाही, ही त्यांची उपजत ओढ असते. गोठ्याच्या दाराशी झोपणारे पिल्लू म्हणूनच चार पावले पुढे जाऊन मोकळे होई आणि ती चार पावले त्याला उघड्यावर नेत.

एक अपवाद होता, तो बिबट्याचा. या डोंगररानात बिबट्या कुत्रे उचलतो. रानालगतच्या वस्तीवर रात्री कुत्र्याला पडवीत किंवा गोठ्यात घेऊन आड लावत. पावसाच्या झडीतही कुत्रे पेंढ्याच्या आसऱ्याला आत येई. घरात घाण होण्याचा प्रसंग येई तो मुख्यतः अशा रात्रींनंतर.

घाण काढण्याची जुनी रीत

अशा वेळी पहिली धाव चुलीकडे. चुलीतली थंड राख घाणीवर घालायची. राख ओल शोषते, वास दाबते आणि माशा बसू देत नाही. थोड्या वेळाने फुटक्या कौलाने किंवा पत्र्याच्या तुकड्याने सगळे एकत्र उचलून उकिरड्यावर टाकायचे. ओल मुरली असेल तर वरचा थर खरवडून काढायचा, कोरडी माती भरून चोपायची आणि तेवढ्या जागेवर शेणाचा हात फिरवायचा. तान्ह्या मुलाने जमीन ओली केली तरी हेच. चुलीपाशी किंवा देव्हाऱ्याजवळ घाण झाली असेल तर सोवळ्याच्या घरात सगळी जमीन सारवत, उघडे राहिलेले अन्न आणि पाणी टाकून देत.

गोमूत्र पवित्र आणि कुत्र्याचे मूत्र अमंगळ, हा भेद श्रद्धेचा होता. त्यामागे आरोग्याचे कारणही शोधता येते. कुत्र्याच्या विष्ठेतून गोलकृमी आणि पट्टकृमींची अंडी पसरतात. उंदीर, गुरे आणि कुत्रे यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, आणि भातखाचरात अनवाणी उभ्या राहणाऱ्या माणसाला त्याचा धोका जास्त. पिसाळलेल्या कुत्र्याची भीती तर होतीच. पाश्चर यांनी रेबीजची लस माणसावर वापरली ती १८८५ मध्ये, आणि भारतात कसौलीला पाश्चर संस्था निघाली ती १९०० मध्ये. त्याआधी, आणि खेडोपाडी त्यानंतरही बराच काळ, कुत्रे चावणे म्हणजे जिवाशी गाठ होती. कुत्र्याला उंबरठ्याबाहेर ठेवण्यात विटाळाच्या कल्पनेइतकाच या भीतीचा वाटा होता.

या रीतीची दुसरी बाजूही सांगायला हवी. राख, सारवण, उकिरडा हे सगळे काम घरातल्या बायकांचे. कुत्रे पाळायचे की नाही हे पुरुष ठरवत आणि त्याचे उष्टे-खरकटे, घाण बायका काढत. श्रमाची ही विभागणी जमीन बदलल्यावरही अनेक घरांत तशीच राहिली.

माती जाऊन फरशी आली

जमिनीचे रूप पालटायला रेल्वे कारण झाली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग पुणे, सोलापूरमार्गे १८७१ मध्ये रायचूरला पोचला. या मार्गावर शहाबाद लागते. तिथला राखी-निळसर चुनखडक सपाट थरांत निघतो, आणि रेल्वेमुळे तो पुण्याच्या बाजारात सहज येऊ लागला. शहाबादी फरशी आधी वाड्यांच्या चौकांत, न्हाणीघरांत आणि देवळांत बसली, नंतर मध्यमवर्गीय घरांत आली. भोरचा राजवाडा १८६९ मधला. लाकडी खांब, चौक आणि दिवाणखाने असलेली ही वास्तू आज चित्रपटांच्या चित्रीकरणामुळे दूरवर ओळखली जाते. वाड्यांच्या या रचनेत चौक हा मधला मोकळा भाग असल्याने पाण्याचा आणि धुण्याचा सगळा व्यवहार तिथे होई. वाड्यातली कुत्रीही चौक किंवा दिंडीपलीकडे सहसा जात नसत.

८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच्या आगेमागे या खोऱ्यांचे रूप धरणांनी बदलले. वेळवंडीवरचे भाटघर धरण १९२८ मध्ये पुरे झाले. त्याच्या जलाशयाला आता येसाजी कंकांचे नाव आहे. आंबी नदीवरचे पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटून पुण्यात हाहाकार उडाला आणि नंतर ते पुन्हा बांधले गेले. पुढे वरसगाव, गुंजवणी, नीरा-देवघर ही धरणे झाली. जुनी गावठाणे पाण्याखाली गेली, कुटुंबे वर सरकली किंवा दूर उठून गेली, आणि घरे नव्याने बांधावी लागली. पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्यांचा पैसाही घरात येऊ लागला. नव्या घरांत विटा, सिमेंट आणि पत्रा आला. कोबा, शहाबादी, मोझेक आणि शेवटी चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी या क्रमाने जमीन बदलत गेली.

जमीन बदलली तशी घाण काढण्याची जुनी रीत निकामी झाली. फरशी खरवडता येत नाही आणि सारवण तिच्यावर टिकत नाही. गॅस आल्यावर चुलीची राखही संपली. फरशी धुतली की स्वच्छ दिसते, पण लघवी सांध्यांतून खाली उतरते. कोबा आणि मोझेक तर ती शोषूनही घेतात. शोषून घेतलेली ओल मातीसारखी उकरून काढता येत नाही. वर फिनाईल टाकले की माणसाच्या नाकाला वास दबतो. कुत्र्याचे नाक माणसाच्या नाकापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असते. त्याला खालचा वास लागतो आणि इथे मोकळे व्हायचे, अशी खूण पटून ते पुन्हा त्याच जागी येते. अमोनिया असलेल्या क्लिनरने उलटच होते, कारण लघवी कुजल्यावर येणारा वास अमोनियाचाच असतो.

कुत्रे आत आले

शहरी मध्यमवर्गात घरात कुत्रे ठेवण्याची हौस इंग्रजी अमलात लष्करी छावण्या आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यांतून आली. पुण्यात कॅम्पात ती आधी दिसली. भोर-वेल्ह्यासारख्या भागात ती पोचायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली. त्यात पडद्याचाही हात होता. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीमुळे पांढरी, केसाळ स्पिट्झ घरोघरी हवीशी झाली, लोक तिला सरसकट पॉमेरियन म्हणत. २००३ मध्ये मोबाइल कंपनी हचच्या जाहिरातीमुळे पग लोकप्रिय झाला. लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्ड राखणीचे म्हणून आधीपासून होतेच.

त्याच सुमारास पुणे-सातारा रस्ता रुंद झाला. नसरापूर, कापूरहोळच्या बाजूला, पानशेतच्या काठाला आणि राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी शहरातल्या लोकांनी बंगले आणि फार्महाऊस बांधली. शनिवार-रविवारी घरातली कुत्री गाडीतून इकडे येऊ लागली. गावातल्या तरुणांनाही जातिवंत पिल्लांची आवड लागली. अशी पिल्ले महाग. ती अंगणात बांधली तर बिबट्याची भीती, चोरीची भीती आणि पावसात आजारपणाची भीती. म्हणून ती आत झोपू लागली. भोर शहरात आणि महामार्गालगत फ्लॅट झाले तेव्हा अंगणच उरले नाही.

यातून नवी परिस्थिती निर्माण झाली. अंगणातल्या पिल्लाला मोकळे व्हायला चार पावले पुरत. बंद दाराच्या खोलीत पिल्लू झोपायच्या जागेपासून दूर जाते ते माजघराच्या दुसऱ्या कोपऱ्यापर्यंतच. घर दिवसभर कुलूपबंद, घरातली माणसे नोकरीला आणि मुले शाळेत. आठ-दहा आठवड्यांचे पिल्लू दोन-तीन तासांपेक्षा जास्त वेळ लघवी धरू शकत नाही. जुन्या घरात जे काम उघडे दार आणि सतत जागते घर करत होते, ते आता मुद्दाम शिकवावे लागते.

शिकवण्याच्या पद्धती

कुत्र्याला घरात घाण न करण्याचे वळण कसे लावायचे, याचे लिखित शास्त्र युरोप-अमेरिकेत विसाव्या शतकात तयार झाले. जर्मन प्रशिक्षक कोनराड मोस्ट यांचे पुस्तक १९१० मध्ये आले. पोलीस आणि लष्करी कुत्र्यांसाठी लिहिलेल्या त्या पद्धतीत सक्तीला मोठी जागा होती. घरगुती कुत्र्याचे नाक घाणीत घासायचे आणि मारायचे, ही शिक्षा त्या काळात सर्वत्र रूढ होती. भारतातही ती आली आणि आजही अनेक घरांत दिली जाते.

दुसरा प्रवाह प्रयोगशाळेतून आला. इव्हान पावलोव्ह यांना पचनसंस्थेवरील कामासाठी १९०४ मध्ये नोबेल मिळाले. त्याच कामातून सवय आणि खूण यांचे नाते उलगडले. बी. एफ. स्किनर यांनी १९३८ च्या ग्रंथात बक्षिसाने वागणूक कशी घडते ते मांडले. कुत्र्यांच्या बाबतीत हे विचार सर्वसामान्यांपर्यंत पोचले ते १९८० च्या दशकात. इयन डनबार यांनी अमेरिकेत १९८२ मध्ये पिल्लांचे वर्ग सुरू केले आणि कॅरन प्रायर यांचे शिक्षेऐवजी बक्षिसावर भर देणारे पुस्तक १९८४ मध्ये आले. शिक्षेने कुत्र्याला कळते ते एवढेच की माणसासमोर लघवी करणे धोक्याचे आहे. मग ते सोफ्यामागे, पलंगाखाली जाऊन करते. घाण होऊन गेल्यावर केलेल्या माराचा आणि घाणीचा संबंध तर त्याला लागतच नाही.

या नव्या शास्त्रातली एक युक्ती मराठी घराला नवी नाही. तान्ह्या बाळाला दोन पायांवर धरून ‘शूऽऽ’ असा आवाज काढत त्याला मोकळे होण्याची सवय लावणे हे आजी-आईंचे जुने कसब. झोपेतून उठल्यावर, दूध प्यायल्यावर, ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या जागी. कुत्र्याचे प्रशिक्षक नेमके हेच सांगतात : पिल्लू झोपून उठले, खाल्ले, खेळले की त्याला एकाच जागी न्यावे, एकच शब्द म्हणावा, आणि काम झाल्याबरोबर तिथेच शाबासकी आणि खाऊ द्यावा.

पावसाळा आणि आजची रीत

भोर-वेल्ह्यात ही शिकवण खरी कसोटीला लागते ती जून ते सप्टेंबर. धो धो पावसात अनेक कुत्री बाहेर पाय टाकत नाहीत. उन्हाळ्यात वळण लागलेले कुत्रेही जुलैत माजघर ओले करते. यावर इथल्या घरांत सोय आहे. ज्या घराला पडवी किंवा पत्र्याचा मांडव आहे, तिथे एका कोपऱ्यात माती किंवा वाळूची पेटी ठेवता येते. फ्लॅटमध्ये हेच गॅलरीत करता येते. कुत्र्याच्या लघवीने ओली झालेली माती थोडी त्यात टाकली की त्याला जागा ओळखू येते. माती वरचेवर बदलावी लागते. शहरांत यासाठी रद्दीचे कागद वापरतात, पण पावसाळी हवेत ते लवकर वाळत नाहीत आणि वास धरतात.

फरशीवर घाण झालीच, तर आधी कोरड्या फडक्याने किंवा कागदाने ओल टिपून घ्यावी. पुसून पसरवू नये. मग पाणी आणि साबण. शेवटी एन्झाइम असलेले क्लिनर लावून बाटलीवर सांगितलेला वेळ ओले राहू द्यावे, म्हणजे वासाचे सेंद्रिय घटक मोडतात. फिनाईल कुत्र्याच्या पायांना आणि तोंडाला लागू देऊ नये. फिनॉल वर्गातली द्रव्ये त्याला विषारी ठरू शकतात. विष्ठा उचलून बंद पिशवीत टाकावी. शेतीच्या खतात ती मिसळू नये. घराबाहेरची घाणही मालकाचीच जबाबदारी, हे तत्त्व कायद्यात आणणाऱ्या पहिल्या मोठ्या शहरांत न्यूयॉर्क येते; तिथला कायदा १९७८ चा. भोरच्या अरुंद आळ्यांत या तत्त्वाची गरज त्या महानगराइतकीच आहे.

वळण लागलेले मोठे कुत्रे अचानक घरात लघवी करू लागले, तर ते आजाराचे लक्षण असू शकते. मूत्रमार्गाचा संसर्ग, मूतखडा, मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार किंवा म्हातारपण ही त्याची नेहमीची कारणे. वयात आलेला नर भिंतीच्या कडेला थोडी थोडी लघवी करतो ती हद्द आखण्यासाठी. नसबंदीने ती सवय बऱ्याचदा कमी होते. घाबरलेले पिल्लू माणूस जवळ येताच ओले होते, तेव्हा त्याला रागावणे म्हणजे ती सवय पक्की करणे. पशुवैद्यकाचा सल्ला अशा वेळी घ्यावा. गुरांसाठी चालणाऱ्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांतही कुत्र्यांवर उपचार होतात आणि रेबीजची लस तिथे मिळू शकते. जंताचे औषध आणि लस वेळेवर असेल, तर कुत्र्याला बाहेर ठेवण्याची जुनी कारणे बरीचशी निकाली निघतात.

जुन्या मावळी घराकडे मातीची जमीन, उघडे दार आणि सतत घरात असणारी माणसे होती. म्हणून तिथे कुत्र्याला काही शिकवावे लागले नाही. आजच्या घराकडे या तिन्ही गोष्टी नाहीत. तिथे पिल्लू आणायचे तर पहिले तीन-चार महिने घरातल्या एका माणसाने त्याच्या वेळा सांभाळल्या पाहिजेत, आणि घाण काढण्याचे काम घरातल्या बाईच्या माथी न मारता सर्वांनी वाटून घेतले पाहिजे. एवढी तयारी नसेल, तर पिल्लू आणू नये हेच बरे.